मोठ्या सुनेच्या हातचं मीठ

आमच्या घरात स्वयंपाकाबद्दल सगळ्यात जास्त बोलत ती माणसं, ज्यांनी जन्मात कधी चूल फुंकली नव्हती. त्यात पहिला नंबर तात्यांचा. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ते मुंबईला नोकरीला होते आणि वर्षातून एकदा, गणपतीला, बायकोमुलांसकट गावी यायचे. आमचं गाव सावर्ड्यापासून एसटीने पाऊण तास आत. तात्या एसटीतून उतरायचे, पाय धुवायचे, पानावर बसायचे आणि पहिल्या घासाला डोळे मिटून म्हणायचे, "हाताची चव! मुंबईत पैसे मोजून मिळत नाय ही." हात माझ्या आईचा. एवढं बोललं की तात्यांचं काम संपलं. पुढचे आठ दिवस आई चुलीपाशी आणि तात्या ओटीवर, पान लावत, येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच चव ऐकवत.

'हाताची चव' याच्याइतकं लबाड कौतुक मी दुसरं ऐकलेलं नाही. जिच्या हाताला चव आहे असं एकदा ठरलं, तिला चुलीपुढून उठता येत नाही, कारण दुसऱ्या कोणी केलेलं मग कोणाला रुचत नाही. आणि जिच्या हाताला चव नाही असं ठरलं, तिला कोणी शिकवत नाही, कारण चव काय शिकवून येते होय? म्हणजे एक जन्मभर राबणार, दुसरी जन्मभर नालायक ठरणार, आणि ओटीवरच्यांना दोन्हीकडून आराम. मी गेली कित्येक वर्षं रत्नागिरीत मुलींच्या एका वसतिगृहाची व्यवस्था बघते. नव्वद मुली दोन वेळा जेवतात. स्वयंपाकाच्या बायका दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतात, चव बदलत नाही, कारण भिंतीवर फळा आहे आणि फळ्यावर माप आहे. पालक येतात, जेवतात आणि विचारतात, "कोणाच्या हातचं आहे हो?" मी फळ्याकडे बोट दाखवते. त्यांना तो विनोद वाटतो.

आमचं स्वयंपाकघर मागच्या पडवीला लागून होतं. तीन चुली, त्यातली मोठी फक्त गणपतीत आणि लग्नकार्यात पेटायची. भाद्रपदात लाकडं ओली असायची; ती चुलीत घातली की टोकातून फेस काढत सूं सूं करत राहायची. एका कोपऱ्यात पाटा, त्याच्यावर वरवंट्याची घरघर, बाहेर पत्र्यावर पावसाचा मारा. या आवाजात आईला हाक मारायची तर दोनदा मारावी लागे. रोजचं जेवण साधं आणि झटपट असायचं. कुळथाची पिठी म्हणजे लसणीची फोडणी, दोन आमसुलं, पाण्यात कालवलेलं पीठ; भात उतरेपर्यंत तयार. नाहीतर सुकट भाजून कांद्याबरोबर परतलेली. नाहीतर भोपळ्याच्या पाल्याची भाजी, वर मूठभर ओलं खोबरं. आजही पाहुणे अचानक आले तर मी पिठीच करते आणि बोटं चाटून जातात. पण त्या जेवणाचं कौतुक आमच्याकडे कोणी केलं नाही. तात्यांच्या पानात पिठी पडली तर ते म्हणत, "काय गो, आज रांधलंस नाय काय?" ज्या पदार्थाला बाईचे चार तास गेले नाहीत तो त्यांच्या लेखी पदार्थच नव्हता. हल्ली मोबाइलवर 'गावाकडची अस्सल चव' म्हणून चुलीपुढे धुरात बसलेल्या बायका दाखवतात. खाली हजारो पुरुषांनी हात जोडलेले असतात. ते सगळे मला तात्याच वाटतात.

खरा थाट गौरीच्या दिवशी. आमच्यात गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. त्या दिवशी गणपतीच्या मखरापुढे पडदा ओढायचा, आणि गौरीपुढे वडे आणि कोंबड्याची सागोती ठेवायची. घरचे, भावकीतले, माहेरवाशिणी मिळून तीस पानं सहज. या नैवेद्याचे दोन नियम होते. नैवेद्य दाखवेपर्यंत तो कोणी चाखायचा नाही, हा एक. तो बहुतेक घरांत असतो. दुसरा आमच्या घरातला: सागोतीच्या टोपात मीठ घालायचं ते थोरल्या सुनेने. थोरली सून म्हणजे तात्यांची बायको, माझी काकी; तात्यांचं लग्न बाबांच्या नंतर झालं, पण मान थोरलीचा. काकी मुंबईहून यायच्या, आंघोळ करून नवी साडी नेसायच्या, पदर खोचून मोठ्या चुलीपाशी यायच्या, टोपावर हात फिरवून मीठ सोडायच्या आणि परत माजघरात जाऊन बसायच्या. त्यांचं वर्षाचं रांधणं झालं. जेवताना तात्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "सागोती कोणी पण शिजवील. मोठ्या सुनेच्या हातचं मीठ लागतं." आई तेव्हा वडे थापत असायची. तिच्या तोंडावरची रेघ हलायची नाही.

मी बारावीला होते त्या वर्षी गणपतीला बारा दिवस असताना आई विहिरीच्या वाटेवर शेवाळावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. बाबांनी तिला चिपळूणला नेऊन प्लास्टर घालून आणलं. दीड महिना हात हलवायचा नव्हता. तात्यांना निरोप गेला आणि तात्या दरवर्षीपेक्षा चार दिवस आधी आले. आईच्या हाताची चौकशी त्यांनी केली, नाही असं नाही. चहा पिऊन होईतो केली. मग बाबांना म्हणाले, "नंदीचं कॉलेज आता बास कर. घरात बाई नाय आणि पोरगी सावर्ड्याला एसटीतून हिंडते, बरं दिसतं काय? बारावी होऊन तरी काय, शेवटी चूलच."

बाबा चांगले होते, पण थोरल्या भावापुढे ते नुसते मान खाजवायचे. मी दारात उभी होते. मी म्हटलं, "तात्या, रांधायला बाई कशाला लागते? कागद पुरतो."

"कसला कागद?"

"काय किती घालायचं, कोणी करायचं, कधी करायचं. लिहून काढलं की कोण पण करील. बाबा करतील, तुम्ही पण कराल."

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. "ऐकलंस काय रे? तुझी लेक कागदावर रांधणार! आणि गौरीची सागोती?"

"ती पण."

"बरं. मग असं कर. गौरीचं जेवण तुझ्या कागदावर जमलं तर जा सावर्ड्याला, मी तोंड उघडायचा नाय. नाय जमलं तर बारावीचं नाव या घरात घ्यायचं नाय." आणि बाबांकडे बघून, "कबूल?" बाबांनी मान खाजवली. आमच्याकडे त्याचा अर्थ कबूल.

त्या रात्री झोपायच्या आधी मी वहीच्या मधली दोन पानं काढली. दुसऱ्या दिवसापासून आईच्या मागे लागले. "आई, धने किती?"

"असे."

"असे म्हणजे किती?"

"असे म्हणजे असे गो! अंदाजाने. मी काय मोजून घालते?"

मग मी तिला डब्यासमोर बसवलं, सूप पुढे ठेवलं आणि म्हटलं, "तीस पानांची सागोती आहे असं समज आणि घाल." ती डाव्या हाताने धने घालायची, मी ते वाटीने मोजायची, परत डब्यात ओतायची आणि पुन्हा घालायला सांगायची. तीनदा. तिन्ही वेळा माप तेच आलं. मिरच्यांचं तसंच, खोबऱ्याचं, लसणीचं, वड्याच्या पिठातल्या मेथीचं तसंच. लोक ज्या हाताच्या चवीचं नाव घेत होते तो हात प्लास्टरमध्ये गळ्यात लटकत होता, आणि माप दुसऱ्याच हातातून बिनचूक पडत होतं. आई आधी वैतागली, मग लाजली, आणि शेवटी तिला त्यात मजा वाटायला लागली. "आत्तापर्यंत कोणी इचारलंच नाय कधी," ती म्हणाली. अर्थात कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर शिकावं लागलं असतं.

वाटपापाशी ती अडली. भाजलेला कांदा, भाजलेलं खोबरं, आलं-लसूण, गरम मसाला, सगळं लिहून झाल्यावर म्हणाली, "आणि वाटप तिसरा हिस्सा जास्त कर. तो बाजूला काढून ठेव, बिनमिठाचा. बटाटे पण उकडून ठेव चार."

"कशाला? लागणार नाही."

"लागेल."

"का लागेल?"

तिने दाराकडे बघितलं. काकी माजघरात मुलांचे कपडे घडी करत होत्या. आई हळू आवाजात म्हणाली, "जाऊबाय मीठ घालतील ना. जास्त होतं. दरसाल होतं. नैवेद्य चाखत नायत, म्हणून कोणाला कळत नाय. गौरीपुढून टोप आत आला की पानं मांडून होईतो मी वाटप आणि गरम पाणी घालून उकळी काढते. बटाटे सोडते. मंग लागतं बरोबर."

"किती वर्षं?"

"ती लग्न होऊन आली तवापासून."

मी मनातल्या मनात मोजलं. चौदा वर्षं. चौदा वर्षं तात्या आईने सावरलेल्या सागोतीवर बायकोच्या मिठाचं कौतुक करत होते. "आणि तू गप्प?"

"एक दिस तर येते. म्हणू दे की."

काकींबद्दल तोवर मला काही वाटत नव्हतं. त्या दिवसापासून कीव वाटायला लागली, आणि सतराव्या वर्षी कीव आणि तुच्छता यांत फार फरक नसतो.

गौरीच्या दिवशी पहाटेपासून कागद पडवीच्या खांबाला टाचलेला होता. प्रत्येक कामापुढे नाव. बाबा पाट्यावर बसले. तात्या ओटीवरून मुद्दाम उठून ते बघायला आले. "बायल्या झालास काय रे?"

बाबा मान खाजवणार होते, पण हात वाटपाने भरलेले होते. ते म्हणाले, "दादा, पाट्याला काय कळतं कोण वाटतंय ते?" बाबांनी तात्यांना दिलेलं हे मी ऐकलेलं पहिलं उत्तर. भावकीतल्या चुलतभावांनी पीठ मळलं, आत्या, ताई अशा माहेरवाशिणींनी वडे थापले. आई पाटावर बसून नुसतं बघत होती; तिला काही करायला नाही हे बघूनच निम्म्या बायका अस्वस्थ झाल्या. दहाच्या सुमाराला सागोती शिजली, वाटप पडलं, तेल वर आलं. मी काकींना हाक मारली आणि त्यांच्या हातात जाड्या मिठाची सपाट भरलेली एक वाटी दिली.

"हे काय?" काकी म्हणाल्या.

"मीठ. तेवढंच लागतं."

"मला माप दाखवतेस? मी या घरात आले तवा तू बोबडं बोलत होतीस गो." त्यांनी वाटी टोपात पालथी केली. मग मिठाच्या बरणीत हात घातला आणि एक मूठ सोडली. माझ्याकडे बघत दुसरी सोडली.

नैवेद्य दाखवला. टोप आत आला. आईने मला डोळ्यांनी खूण केली: वाटप घाल. बिनमिठाचं वाटप माझ्या हातात होतं, गरम पाणी चुलीवर होतं. गुपचूप सारखं केलं असतं तर मी जिंकत होते, सावर्ड्याची एसटी माझी होती. पण मला पुढचं दिसत होतं. तात्या डोळे मिटणार, मोठ्या सुनेचं मीठ म्हणणार, आणि पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी मी तिसरा हिस्सा बाजूला ठेवत राहणार. मी वाटप खाली ठेवलं. पळी बुडवली आणि तात्यांचं पान वाढायला बाहेर गेले. आई मागून "नंदे!" म्हणाली. मी थांबले नाही.

तात्यांनी वडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला. डोळे मिटले आणि लगेच उघडले. "आयायगं! मीठ घातलंस काय मिठागर ओतलंस गो?" त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला. "तरी मी सांगत होतो. कागदावर रांधलं की असंच व्हायचं. झालं, बारावी संपली. ऐकलंस ना रे?"

बाबा पंगतीत खाली मान घालून बसले होते. मी खांबावरचा कागद काढला आणि मोठ्याने वाचला. "कोंबडं कापणं, चुलतभाऊ. धने, मिरची भाजणं, मी. वाटप, बाबा. वडे, आत्या आणि ताई. मीठ, एक वाटी, काकी." मग माजघराच्या दाराकडे वळून विचारलं, "काकी, किती घातलंत?"

वाढणाऱ्यांचे हात थांबले. काकी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "वाटी घातली," त्या म्हणाल्या.

"आणि?"

"आणि अंदाजाने."

"म्हणजे किती?"

"दोन मुठी."

पंगतीच्या टोकाला कोणीतरी हसलं. मी आत गेले, वाटप टोपात घातलं, दोन तांबे गरम पाणी, बटाटे, आणि सगळ्यांना दिसेल असं दार उघडं ठेवून उकळी काढली. मग पुन्हा वाढलं. सागोती दरवर्षीसारखी झाली होती, कारण दरवर्षी ती अशीच होत होती. तात्यांनी सहा वडे खाल्ले. एकदाही डोळे मिटले नाहीत. हात धुताना बाबांना म्हणाले, "जाऊ दे तिला. तोंडाळ झालीय, शिकून तरी बघू दे." तात्यांचा शब्द त्यांना असा पाळावा लागला. मी अजूनही तो क्षण आठवून खूश होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

आई मात्र खूश नव्हती. दुपारी मी भांडी घासत होते तेव्हा तिने मला पडवीत गाठलं. "जिंकलीस. पण तिला भर पंगतीत उघडी पाडलीस."

"चूक तिची होती."

"चूक कोणाची? तिला इथं कोणी धड रांधायला बसू दिलं? मुंबईत चार माणसांचं रांधते ती, तीस पानांचा टोप तिनं बघितलाय कुठं? मीठ घाल म्हणायचं आणि किती ते सांगायचं नाय."

"मग तू सांगायचंस."

आई वळून आत गेली. मला वाटलं, हेही मी जिंकले. आज वाटतं, ती चौदा वर्षं सांगू शकली असती आणि तिने सांगितलं नाही. काकींना दर वर्षी वाचवणं तिलाही कुठेतरी आवडत असेल. आईबद्दल असं लिहायला मला पन्नाशी गाठावी लागली.

विसर्जन झालं. कॉलेजची सुट्टी संपली; तात्यांचं मुंबईला जाणं अजून दोन दिवसांवर होतं. सोमवारी सकाळी मी दप्तर भरत होते तेव्हा काकी मागच्या दाराने आल्या. हातात मुलाच्या पाठकोऱ्या वहीचं पान आणि पेन्सिल होती. त्या दाराच्या आत आल्या नाहीत. "नंदा, तो तुझा कागद आहे ना, तेवढा उतरवून घेऊ काय? पाच मिनटात घेते."

कागद समोरच होता. मी त्याची घडी केली, दप्तरात घातली आणि म्हटलं, "मला एसटी आहे, काकी. आईला विचारा. तिच्या हाताला चव आहे."

आणि गेले. वाटेत शेताच्या बांधावरून चालताना मी स्वतःशी ते वाक्य दोनदा म्हणून बघितलं. फार छान जमलंय असं वाटलं. सावर्ड्यापर्यंत खिडकीपाशी जागा मिळाली. त्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते काही आठवत नाही.

संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू येत होतं. आई पाटावर बसली होती. समोर काकी, पदर खोचलेला, मांडीवर ते पाठकोरं पान. मध्ये सूप. आई डाव्या हाताने काळे वाटाणे घालत होती, काकी वाटीने मोजत होत्या आणि लिहीत होत्या. "आता मीठ," आई म्हणाली. काकींनी मिठाच्या बरणीत हात घातला आणि थांबल्या. आईने त्यांच्या हाताखाली वाटी धरली. "सोडा. आणखी. आता बास." काकींनी वाटीत बघितलं, पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं. दोघींनी माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. मी दप्तर खुंटीला लावलं. त्यात माझा कागद होता, आणि तो आता कोणालाच नको होता.

त्या रात्री काळ्या वाटाण्याची आमटी काकींनी एकटीने केली. आई ओटीवर जाऊन बसली. माझ्या आठवणीत दिवेलागणीला ओटीवर बसलेली आई ती पहिलीच. आमटी मी दोनदा वाढून घेतली. चांगली झाली होती. तसं मी काही म्हटलं नाही.